बिशपांचा हुकूम आणि रमाबाईंचा जबाब

ख्रिस्ती धर्म आणि स्त्रीस्वातंत्र्य यांचा विषय निघाला, की आमचे विद्वान हटकून अमेरिकेपासून प्रारंभ करतात. एलिझाबेथ केडी स्टँटनबाईंचे ‘द वुमन्स बायबल’ 1895 साली निघू लागले, मेरी डेली यांनी 1968 मध्ये चर्चला जाब विचारला, शुस्लर फिओरेंझाबाईंनी 1983 मध्ये आद्य मंडळीतील स्त्रियांचा इतिहास उकरून काढला. ही नावे आदराने घ्यावीत आणि पुढे चालू लागावे. कारण त्यांची ओळख करून देणारे लेख वाचून राहुरीच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती वाचकाला आपल्या घरातले काहीच कळत नाही. आमचे म्हणणे जुनेच आहे आणि ते ऐकून कंटाळलेले स्नेहीही पुष्कळ आहेत: हा कज्जा मराठी मुलखातील एका बाईने 1885 च्या सुमारासच उभा केला होता, आणि तोही प्रत्यक्ष बिशपांच्या विरुद्ध.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा बेत निघाला तेव्हा काय घडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकविले तर स्वदेशी परतल्यावर तिचे वजन राहणार नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. आणि हा उपदेश कोणाला, तर ज्यांच्या पित्याने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, ज्यांनी स्वतः गावोगावी पुरुषांच्या सभेत पुराण सांगितले आणि ज्यांना 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या विदुषीला! पित्याने किंवा पतीने ज्याला कधी आडकाठी केली नाही, त्याला इंग्रज लोकांनी हरकत घ्यावी याचे बाईंनी आपल्या पत्रात उघड आश्चर्य व्यक्त केले. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना तर त्यांनी स्पष्टच कळविले, की मोठ्या सायासाने हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू मानेवरून उतरविल्यावर दुसरे तसलेच जू घेण्याची आपली तयारी नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत भाषा काय वाईट आहे, हाही वाद त्यांनी घातलाच. ख्रिस्ताचे प्रभुत्व मान्य, बिशपाची मुखत्यारी अमान्य: एवढा नाजूक विवेक त्या काळच्या किती ख्रिस्ती पुरुषांना साधला होता?

सुधारणेचा इतिहास लिहिणारा एक पक्ष बाईंचे खाते 1883 मध्येच बंद करतो. दुसरा, मंडळीतला भाविक पक्ष, केडगावच्या मुक्तिसदनातील 1905 च्या धार्मिक जागृतीचे गोडवे गाताना हा पत्रव्यवहार दप्तरात बांधून ठेवतो. दोघांचीही सोय झाली, बाईंची मात्र गैरसोय झाली. विधवांच्या शिक्षणासाठी 1889 मध्ये मुंबईस उघडलेले शारदासदन पुण्यास आले आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पुण्याला बाई फाजील ख्रिस्ती वाटल्या, वाँटेजला त्या अपुऱ्या वाटल्या होत्या. पुढे दुष्काळात केडगावी आलेल्या मुलींना त्यांनी अन्नवस्त्र दिले तसे छापखान्यातले खिळे जुळविण्याचेही शिक्षण दिले. स्वतः हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलाचे भाषांतर केले, आणि ज्या ग्रंथाच्या आधारे स्त्रीला गप्प बसविण्यात येते तो ग्रंथ बायकांच्या हातून छापून घेतला. मंडळीत स्त्रियांनी मौन धरावे, हे करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन आमच्या वक्त्यांना मुखोद्गत असते. पुनरुत्थानाची वार्ता प्रथम मग्दालिया मरीयेने सांगितली, याची आठवण त्यांना करून द्यावी लागते.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी स्वतंत्र लेखच लिहावयास हवा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 मध्ये. मधली पाच वर्षे त्या स्वतःच्या बुद्धीने चाचपडत होत्या. नवऱ्यामागोमाग निमूट गेलेली बाई ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहूच शकली नसती.

कायद्याचे प्रकरण रुक्ष आहे, परंतु टाळता येत नाही. 1869 च्या घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर बहुधा क्रूरता किंवा परित्यागही शाबीत करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1997 मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरविला, आणि संसदेने 2001 मध्ये तो दूर केला. मेरी रॉय यांच्या दाव्यात 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना समान वारसाहक्क दिला, तेव्हा आनंदाऐवजी विरोधाचा सूर काढणारे धर्माधिकारीही केरळात निघाले.

दक्षिण भारत मंडळीने 1976 पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली, 2013 मध्ये एक स्त्री बिशपही झाली. कॅथलिक पंथात ते दार बंदच आहे. परंतु दीक्षेपेक्षा मला चिंता वाटते ती वादाची हौस संपल्याची. 1842 पासून चाललेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाची आजची पत्रके पाहावीत: रौप्यमहोत्सव, सत्कार, शालींची छायाचित्रे. सणाच्या फराळाची विक्री, हिशेब आणि झाडलोट बायकांकडे. मंडळीच्या घटनादुरुस्तीचा मसुदा वाचायला मात्र पुरुष.

महिलादिनाच्या उपासनेत नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीवर प्रवचन ठरलेलेच. त्याऐवजी एकदा रमाबाईंचे पत्र वाचावे, अशी सूचना मी एका पाळकांना केली. ते म्हणाले, “बाई मोठ्या खऱ्या, पण फार भांडखोर होत्या हो!” महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये हा पत्रव्यवहार इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. माझी प्रत मी त्यांना नेऊन दिली. ती अद्याप परत आलेली नाही, आणि प्रवचनही बदललेले नाही.