जोडीदारापाठोपाठ जर्मनीला

जर्मनीत नोकरीला असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कुटुंब-व्हिसावर राहायला गेलेल्या माणसाला तिथे कोणतीही नोकरी धरायला कायद्याची आडकाठी नाही. २०१३पासून हा हक्क सरसकट मिळतो. अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्यांच्या जोडीदारांना असं भाग्य नाही. तिथे २०१५च्या नियमाने मुभा मिळाली, तीसुद्धा ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापलीकडे गेली आहे त्यांनाच. जर्मनीत निवासाचं कार्ड हातात पडतं तेव्हा त्यावर ‘काम करण्यास परवानगी’ असं सरळ छापलेलं असतं. असं असूनही पुण्यामुंबईत सात-आठ वर्षं नोकरी केलेली बाई तिथे दोन-तीन वर्षं घरीच राहते, असं पुष्कळदा घडतं. परवाना हाती असूनही भाषा आणि कागद आडवे येतात, आणि ही दोन्ही कामं भारतातच निम्मी उरकता येतात, हे मात्र बहुतेकांना तिथे पोचल्यावर कळतं.

जर्मन कायद्याचा मूळ नियम असा आहे की येणाऱ्या जोडीदाराचं वय किमान १८ असावं आणि त्याला ए-वन म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन यावं. ही भाषेची अट २००७ साली आली. मात्र आधी गेलेला जोडीदार ‘ब्लू कार्ड’ या उच्चकुशल नोकरदारांच्या परवान्यावर किंवा कुशल कामगाराच्या परवान्यावर असेल तर ही अट माफ होते. आयटीत किंवा वाहन उद्योगात गेलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना ही सवलत लागू होते, आणि खरं म्हणजे तीच त्यांना महागात पडते. व्हिसासाठी परीक्षा लागत नाही म्हटल्यावर वर्ग कुणी लावत नाही. व्हिसाची तारीख मिळेपर्यंत आणि निकाल येईपर्यंत कित्येक महिने हातात असतात. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, खासगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. या महिन्यांत ए-टूपर्यंत मजल मारणाऱ्याची तिथली पुढची वाट बरीच सोपी होते.

याच काळात करायचं दुसरं काम नावाचं. महाराष्ट्रात मुलीच्या पदवीवर तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं. आपल्याकडे यात कुणाला काही खटकत नाही, पण जर्मन कार्यालयातल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. मग त्या एकच असल्याचा पुरावा लागतो : विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद आणि या सगळ्याचं जर्मनीत मान्य असलेल्या अनुवादकाकडून करून घेतलेलं भाषांतर. लग्नाची नोंद महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत झालेली असते. तिच्यातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, हे निघण्यापूर्वी पाहिलेलं बरं. तिथून परत भारतात चकरा मारणं फार जिकिरीचं होतं.

जर्मनीतल्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. पुढे बँक, विमा, कर या सगळ्या गोष्टी त्या नोंदीवर चालतात. करक्रमांक टपालाने येतो आणि इथे एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आडवी येते. जर्मन इमारतीत टपालपेटीवर आणि बेलवर घर क्रमांक सहसा नसतो, फक्त आडनावं असतात. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल आणि पेटीवर नवऱ्याचंच असेल, तर पोस्टमन तिचं पत्र परत नेतो. करक्रमांक, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख असं सगळं त्या पेटीवर अवलंबून असतं. कागदाची एक चिठ्ठी चिकटवली की काम भागतं, पण ती आधीच चिकटवायला हवी.

आरोग्यविम्याचा प्रश्न सहसा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीसोबत सुटतो. सार्वजनिक विमा असेल तर न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता त्यातच येतो. खासगी विमा असेल तर मात्र प्रत्येकाचा हप्ता वेगळा. जास्त पगारावर एकटाच गेलेला तरुण सुरुवातीला स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेतो. बायको-मुलं आली की तोच विमा जड जातो आणि त्यातून परत फिरणं सोपं नसतं.

यानंतर खरा मुक्काम लागतो तो भाषेचा. सरकारी पाठबळ असलेल्या एकात्मता अभ्यासक्रमात ६०० तास भाषा आणि १०० तास जर्मनीचा कायदा, इतिहास आणि समाज यांची ओळख असते. शेवटी बी-वन पातळीची परीक्षा आणि ३३ प्रश्नांची एक चाचणी होते. हे वर्ग बहुधा लोकविद्यापीठांत, म्हणजे गावोगावच्या फोल्क्सहोखशूलेत, किंवा खासगी भाषाशाळांत भरतात. आठवड्याला २५ तास धरले तर सगळं संपायला २८ आठवडे लागतात. सुट्ट्या आणि जागेची प्रतीक्षा मिळून वर्ष सहज जातं. बी-वनवर बाजारहाट होतो, शेजाऱ्याशी बोलता येतं, कार्यालयातलं काम रेटता येतं, पण कचेरीतली नोकरी सहसा मिळत नाही. त्यासाठी बी-टू लागतं आणि त्याचे वेगळे व्यावसायिक भाषावर्ग असतात. बी-वन झाल्यावर पुष्कळजण थांबतात, आणि नोकरीच्या दृष्टीने थांबायची ती अगदी चुकीची जागा आहे.

इंग्रजीवर निभावणारी क्षेत्रं आहेत. बर्लिन आणि म्युनिकमधल्या सॉफ्टवेअर कंपन्या, संशोधन संस्था, मोठ्या उद्योगांची जागतिक खाती ही त्यांतली ठळक. सॉफ्टवेअरवाल्यांना पदवीची सरकारी मान्यताही लागत नाही. बाकीच्यांनी ‘आनाबिन’ ही सरकारी यादी उघडून पाहावी. तीत जगभरची विद्यापीठं आणि पदव्या कोणत्या दर्जाच्या मानल्या जातात ते दिलेलं असतं. मुंबई आणि पुणे विद्यापीठं तीत मान्यताप्राप्त म्हणून आहेत. आपली पदवी नेमकी तिथे नसेल तर शुल्क भरून तिचं मूल्यमापनाचं प्रमाणपत्र मागवता येतं, आणि ते अर्जाला जोडलं की वाचणाऱ्याला ‘बी.कॉम.’ म्हणजे काय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

ज्या पेशांना परवाना लागतो तिथे मात्र कायदाच आडवा येतो. डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माता, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, शाळेतले शिक्षक हे सगळे त्यात मोडतात. एमबीबीएस झालेल्याला वैद्यकीय जर्मनची सी-वन पातळीची परीक्षा आणि बहुधा ज्ञानपरीक्षाही द्यावी लागते. दोन-तीन वर्षांची तयारी ठेवावी लागते, पण शेवटी मागणी मोठी आहे. परिचारिकांना बी-टू पुरतं, आणि हल्ली कित्येक घरांत आधी नर्स झालेली बायको जाते आणि नवरा तिच्यामागून येतो. महाराष्ट्रात घरोघरी असलेल्या बीएएमएस आणि बीएचएमएस पदव्यांवर तिथे डॉक्टर म्हणून परवाना मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एजंट ते सांगत नाहीत. बी.एड. झालेल्यांची अडचण वेगळी. जर्मन शिक्षक साधारणपणे दोन विषयांचं विद्यापीठीय शिक्षण घेतलेला असतो, त्यामुळे आपली पदवी अर्धीच मान्य होते. पाळणाघरं आणि शाळेनंतरचे सांभाळवर्ग ही त्यांच्यासाठी जास्त व्यवहार्य वाट ठरते.

अर्जाची तऱ्हाही निराळी. जर्मन मालक मागच्या प्रत्येक नोकरीचं लेखी प्रशस्तिपत्र मागतो. त्यात कोणती कामं केली, कशी केली, का सोडली हे परिच्छेदभर लिहिलेलं असतं. भारतातला अनुभवाचा दाखला दोन ओळींचा असतो : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर. नोकरी सोडताना वरिष्ठांकडून कामाचा तपशील असलेलं पत्र मागून घेतलं तर त्याचा तिथे उपयोग होतो. एकदा गाव सोडलं की तेच पत्र मिळवायला महिने जातात.

हाताशी लगेच लागतो तो मिनीजॉब : बेकरीत, दुकानात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात. जानेवारी २०२६पासून त्याची मर्यादा महिन्याला ६०३ युरो आहे. ती ओलांडली नाही तर कामगाराचा कर जवळपास शून्य असतो आणि नवऱ्याचा कुटुंबविमा तसाच चालू राहतो. भाषा कानावर पडते, चार माणसं ओळखीची होतात. पण बेकारीचा विमा त्यात नसतो आणि पेन्शनही फारसं जमत नाही. त्यात करवर्गाची भानगड मिसळते. लग्न झालेल्यांना आपोआप चौथा-चौथा वर्ग मिळतो. एकाने तिसरा आणि दुसऱ्याने पाचवा घेतला तर जास्त कमावणाऱ्याच्या हातात दरमहा जास्त पैसे येतात. मग पाचव्या वर्गातल्या बायकोला नोकरी लागली की तिचा हातात येणारा पगार इतका कापलेला दिसतो की ‘एवढ्यासाठी कशाला’ असं घरात म्हटलं जातं. वर्षाच्या हिशेबात कर सारखाच पडतो; फरक फक्त दरमहा दिसणाऱ्या आकड्याचा. मात्र बाळंतपणानंतर मिळणारा पालकभत्ता निव्वळ पगाराच्या सुमारे दोनतृतीयांश आणि जास्तीत जास्त १८०० युरो असतो, म्हणून तो आकडा तेव्हा खराच महत्त्वाचा ठरतो.

शिकायचं असेल तर कुटुंब-व्हिसावर आलेल्याला वेगळा विद्यार्थी परवाना लागत नाही आणि विद्यार्थी व्हिसासाठीचे वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागत नाहीत. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने मात्र २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो लावले आहेत. भारतीय गुणपत्रिका तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२पासून विद्यार्थी व्हिसाला सक्तीचं आहे. काही विद्यापीठं प्रवेशासाठीही ते मागतात, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच काढावं. पदवीपेक्षा हाताला काम हवं असणाऱ्यांना आउसबिल्डुंग बरं. दोन ते साडेतीन वर्षं आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस व्यवसायशाळेत, आणि पहिल्या दिवसापासून विद्यावेतन. तिशीतल्या विद्यार्थ्याला पोरांबरोबर बसायचा संकोच वाटतो, जर्मनांना तसं काही वाटत नाही.

लहान मूल असेल तर हे सगळं वेळापत्रक ‘किटा’ म्हणजे पाळणाघर ठरवतं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क २०१३पासून कायद्याने आहे; जागा मात्र अपुऱ्या आहेत. पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात यादीत नाव घालणं शहाणपणाचं. आजी-आजोबा सहसा ९० दिवसांच्या पाहुण्यांच्या व्हिसावर येतात, म्हणून तो तोडगा एका हंगामापुरताच.

सुरुवातीची वर्षं जोडीदाराचं वास्तव्य लग्नाला बांधलेलं असतं. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर त्याला स्वतःचा स्वतंत्र निवासहक्क मिळतो. ही मुदत आधी दोन वर्षांची होती, २०११ साली ती वाढवली. घरात मारहाण होत असेल तर तीन वर्षं थांबायची गरज नाही. तशी तरतूद कायद्यात आहे. ‘घर सोडलंस तर तुला भारतात परत जावं लागेल’ ही धमकी म्हणूनच पूर्ण खरी नसते. ११६०१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि अनेक भाषांत स्त्रियांना मदत मिळते. जर्मन येत नसलं तरी फोन करता येतो.

कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांत, बी-वन असेल तर २१ महिन्यांत मिळू शकतो. त्याला तो मिळाला की त्याच्या जोडीदारालाही तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. त्यासाठी आठवड्याला किमान २० तासांचं काम, बी-वन पातळीचं जर्मन आणि वर सांगितलेल्या ३३ प्रश्नांच्या चाचणीचा निकाल लागतो.