एका दिवसाची मात्रा

औषध आणि विष यांत भेद मात्रेचा, हें आपल्या वैद्यकास प्राचीन काळापासून ठाऊक आहे. परंतु पिकांवरील कीटकनाशकाचा अंश अन्नांतून पोटांत जातो, तेव्हां मात्रा मोजावयाची ती कोणत्या मुदतीची, हा प्रश्न अलीकडचा आहे. बराच काळ मुख्यतः एवढेंच पाहिलें जाई कीं, आजन्म रोज किती अंश पोटांत गेला तरी अपाय होणार नाहीं. ही मर्यादा सरासरीवर उभी असते. जेवण मात्र सरासरीचें नसतें. तें आजचें असतें.

इ. स. १९८५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कलिंगडें खाऊन लोक आजारी पडूं लागले. मळमळ, वांती, घाम अशीं लक्षणें थोड्याच वेळांत दिसत. हजाराच्या वर तक्रारी नोंदल्या गेल्या. कारण निघालें अल्डिकार्ब. कलिंगडावर तें वापरण्यास परवानगीच नव्हती. तें मुळांवाटे शोषलें जाऊन गरांत उतरतें. म्हणून फळ धुण्यानें कांहीं साधत नाहीं.

अशा विषांसाठीं दुसरी मर्यादा लागते: एका जेवणांत अथवा एका दिवसांत किती अंश निर्धोक, ही. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांच्या संयुक्त सभेनें १९९५ सालीं अल्डिकार्बची ही मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागें ०.००३ मिलिग्रॅम ठरविली. माणसांवरील चाचणींत ०.०२५ मिलिग्रॅम मात्रा निरुपद्रवी ठरली होती. प्रकृतिभेद ध्यानीं घेऊन तिला १० नीं भागलें, व आलेला आंकडा पूर्ण करून घेतला. आधार केवळ प्राण्यांवरील प्रयोगांचा असल्यास सामान्यतः १०० नीं भागतात.

आतां हिशेब पाहा. समजा, कलिंगडाच्या एका किलोंत ०.२ मिलिग्रॅम अंश आहे. पाव किलो फोडी खाल्ल्यास ०.०५ मिलिग्रॅम पोटांत जातो. ६० किलो वजनाच्या आजोबांची मर्यादा ०.१८, ते सुरक्षित. १५ किलो वजनाच्या नातवाची ०.०४५, ती ओलांडली गेली. ताट एकच, फोडी त्याच.

शिवाय अनेक फळें एकत्र वाटून तपासलीं तर सरासरी कळते. एखाद्या फळांतील जादा अंश तींत लपतो. म्हणून मोठ्या फळांच्या हिशेबांत सामान्यतः तिपटीची तरतूद करतात.

धुणें, सोलणें अवश्य करावें. पण गरांत उतरलेल्या विषापुढें गृहिणीची दक्षता पुरी पडत नाहीं. तेथें रक्षण करतात शेतांत पाळलेला नियम आणि बाजारांतील तपासणी. दर किलोची मर्यादा सर्वांना एकच असो. हिशेब मात्र घरांतील सर्वांत लहानाच्या ताटावरून मांडावा.