वाऱ्याचा शोध आणि अनाम वाटाड्या

इ.स.पू. 118 च्या सुमाराला तांबड्या समुद्रावरच्या पहारेकऱ्यांना एक भरकटलेलं गलबत सापडलं. आत अर्धमेला एकच माणूस होता. सोबतचे सगळे उपासमारीने गेले होते. इजिप्तचा राजा आठवा टॉलेमी याच्याकडे त्याला ग्रीक शिकवलं, तेव्हा कळलं की हा हिंदुस्थानचा, आणि परतीची वाट दाखवायला तयार आहे. त्याच्या भरवशावर ग्रीक दर्यावर्दी युडॉक्सस निघाला आणि सुगंधी द्रव्यं, रत्नं घेऊन परतला. माल राजाने काढून घेतला, कीर्ती युडॉक्ससकडे राहिली.

ही हकिकत नोंदवणाऱ्या ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोलाच ती पटत नव्हती. मला मात्र तो वाटाड्या खरा वाटतो. मोसमी वाऱ्यांचं गणित अरबी समुद्राकाठच्या दर्यावर्दींना आधीपासून ठाऊक होतं. ग्रीकांनी श्रेय हिप्पालस या नाखव्याला दिलं, हा अन्यायच.

जुलैत इजिप्त सोडायचं, एडनच्या आखातापुढे नैर्ऋत्येचा वारा शिडात घेऊन भर समुद्रातून निघायचं. इकडे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायचे ते दिवस. नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवळला की बंदर गाठायचं आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर परतायचं. म्हणजे मधले काही महिने सक्तीचा मुक्काम. खरी देवाणघेवाण या मुक्कामाने घडवली.

इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त रोमकडे गेलं आणि व्यापार फोफावला. स्ट्रेबोच्या काळी इजिप्तच्या मायॉस हॉर्मॉस बंदरातून 120 जहाजं हिंदुस्थानकडे निघत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आहेत, पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल आडवाटांनी गाड्यांवरून भडोचला उतरे, हेही आहे. तेर-भोकरदनच्या हस्तिदंती बाहुल्यांची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत निघाली. इजिप्तच्या बेरेनिके बंदरातल्या देवळात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. इकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली.

तिसऱ्या शतकात रोममध्ये बेबंदशाही माजली, इकडे सातवाहन मावळले आणि वर्दळ रोडावली. पण कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची, दानं आजही वाचता येतात. ते थेट ग्रीक होते की इथेच रुजलेले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खांब बुद्धाच्या स्तूपासमोर उभे आहेत, लेख ब्राह्मीत आहेत आणि एका दात्याचं नाव सिंहधय आहे. माझ्या मते ही माणसं इथलीच झाली होती.