खुर्ची हलकी, पण कुणासाठी?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सहलीचा बेत ठरला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.’ हे म्हणणारी व्यक्ती बहुतेक वेळा साठीच्या पुढची असते. आपण आग्रह करतो, ती कारणं सांगते. ऊन फार आहे, मांजराला दूध कोण घालणार, संध्याकाळी पाहुणे येतील. खरं कारण गुडघ्यात असतं. सतरंजीवर कसंबसं बसता येईल, पण उठायचं कसं? चारचौघांत दोघांनी काखेत हात घालून उभं करायचं, हे कुणाला आवडेल? म्हणून आज एका साध्या वस्तूविषयी बोलायचं आहे : घडी घालून नेता येणारी हलकी खुर्ची.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बीए. खुर्चीचं नाव काढलं की लोकांना वाटतं, आता हा राजकारणावर घसरणार. तसं काही नाही. खुर्ची मिळवायची कशी यापेक्षा ती निवडायची कशी, एवढाच आजचा विषय.

आमच्या नवी मुंबईला या विषयाची गरज थोडी जास्तच आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. पनवेलच्या पुढे बाराएक किलोमीटरवर कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य, गाढेश्वरचं धरण, खारघरचं सेंट्रल पार्क. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नेरुळ-ऐरोलीच्या खाडीकाठी रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला माणसं पहाटेच बाहेर पडतात. या शहराची उभारणी करणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जी तरुण जोडपी वाशी-नेरुळच्या नव्या घरांत राहायला आली, ती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. शहर अजून ‘नवी’ असलं, तरी त्याचे गुडघे आता जुने झाले आहेत.

तेव्हा मुद्दा असा की खुर्ची हलकी असावी हे खरं. पण वजन हा उचलणाऱ्याचा प्रश्न आहे. बसणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो : यातून उठता येईल का? दुकानात आपण खुर्ची हातात तोलून पाहतो, ‘वा, काय हलकी आहे’ म्हणतो आणि पैसे देतो. ज्यांच्यासाठी ती घेतली त्यांना मात्र तीत बसल्यावर एखाद्या खड्ड्यात बसल्यासारखं होतं.

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार घडीच्या तिपाईचा. तीन काठ्या, वर तिकोनी कापड. वजन किलोभर किंवा त्याहून कमी. तिचा मोठा गुण म्हणजे ती कधी डुगडुगत नाही. तीन टेकू कितीही खालीवर असले तरी तिन्ही जमिनीला टेकतातच. चौथा आला की भांडण सुरू होतं. पक्षी पाहणाऱ्याला, गळ टाकून बसणाऱ्याला, रांगेत उभं राहणाऱ्याला ती उत्तम. पण तिला पाठ नाही. अर्ध्या तासापुढे कंबर बोलू लागते.

दुसरा प्रकार छत्रीसारखा मिटणारा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या, पाठ, हात आणि बहुधा पेला ठेवायला एक जाळीची पिशवी. वजन अडीच ते चार किलो. बसायला ऐसपैस. मात्र तिचे हात पुष्कळदा नुसत्या कापडाच्या पट्टीचे असतात. टेकायला छान, पण उठताना त्यांवर भार द्यावा तर पट्टी खाली जाते आणि माणूस पुन्हा आत.

तिसरा प्रकार आपल्याकडे अलीकडे आलेला. तंबूच्या काठ्यांसारख्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्या आतून जाणारी रबरी दोरी. झटकलं की सांगाडा आपोआप जुळतो, वर कापड ताणून बसवायचं. वजन किलोच्या आसपास, आणि गुंडाळल्यावर टॉवेलाच्या वळकटीएवढी. पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणाऱ्या तरुणांसाठी याहून चांगली वस्तू नाही. पण यातल्या बऱ्याच खुर्च्यांची बैठक जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच असते आणि हात नसतात. आजीला यात बसवणं म्हणजे तिला सतरंजीवर बसवण्यासारखंच, वर पैसे जास्त.

चौथा प्रकार सिनेमाच्या दिग्दर्शकाची म्हणून आपण ओळखतो ती खुर्ची. मिटल्यावर सपाट होते, बैठक उंच आणि हात कडक. वजन तीन ते पाच किलो. गाडीच्या डिकीत मावते, लोकलच्या गर्दीत मात्र शेजाऱ्याच्या बरगड्यांत जाते. ज्येष्ठांसाठी मला विचाराल तर हीच. चार किलो वजन नातवाने उचलावं.

आता उंचीचं गणित. मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, पण हे स्वतःच्या मांड्यांना विचारून कळतं. बैठक गुडघ्याच्या पातळीपेक्षा खाली गेली की उठताना शरीर पुढे झुकवावं लागतं आणि मांडीच्या स्नायूंवर व गुडघ्यांवर जास्त ताण येतो. घरातल्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते. म्हणून एक सोपी युक्ती करावी. घरात वडीलधारी व्यक्ती ज्या खुर्चीवरून कुणाचाही हात न धरता उठते, त्या खुर्चीची उंची टेपने मोजावी आणि तो आकडा खिशात घेऊन दुकानात जावं. आमच्या घरी आईसाठी खुर्ची घेताना हाच उपाय केला. आकडा ४४ निघाला. दुकानदाराने आधी दाखवलेल्या तीन खुर्च्या त्या एका आकड्याने बाद केल्या.

इथे एक खबरदारी. कापडाची बैठक माणूस बसल्यावर चार-सहा सेंटीमीटर खाली झुकते. तेव्हा रिकाम्या खुर्चीचं माप धरू नका; कुणाला तरी बसवून मग टेप लावा. पुढची आडवी नळी मांडीखाली रुतते का, तेही तेव्हाच कळतं.

दुकानात डब्यावर लिहिलेलं असतं, ‘भारक्षमता १०० किलो’. हा आकडा सावकाश, सरळ बसणाऱ्या माणसाचा समजावा. आपल्याकडे बसण्याची रीत धपकन अंग टाकण्याची. वरून अंग टाकलं की क्षणभर खुर्चीवर वजनापेक्षा कितीतरी अधिक भार येतो. शिवाय काही मंडळींना मागच्या दोन पायांवर रेलून गप्पा मारायची सवय असते. तेव्हा चार पायांचं ओझं दोघांवर पडतं. म्हणून ८० किलोच्या माणसाने ११०-१२० किलोची खुर्ची घ्यावी.

कापडाच्या बाबतीत ‘६०० डेनिअर’ असा शब्द दिसतो. तो गूढ नाही. ९००० मीटर लांबीच्या धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. आकडा मोठा तर धागा जाड. पण माझा सल्ला असा की आकड्यापेक्षा शिवण पाहा. ज्या कोपऱ्यात नळीचं टोक कापडाच्या खिशात शिरतं, तिथे दुहेरी-तिहेरी शिवण आणि जादा पट्टी आहे का? खुर्ची फाटते ती बहुधा तिथेच. बैठकीच्या मध्याला तिचं काही होत नाही.

नळ्या लोखंडाच्या की ॲल्युमिनियमच्या? ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचं. पण ते मऊही असतं, त्यामुळे नळी जाड हवी. आपली हवा खारी. लोखंडी नळीचा रंग उडाला की तिथून गंज धरतो. ॲल्युमिनियमला तसा तांबडा गंज येत नाही, पण त्याला ठोकलेले लोखंडी रिबेट खाऱ्या ओलाव्यात त्रास देतात. अलिबागच्या वाळूतून आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवूनच पिशवीत घालावी. पावसाळ्यात ओली घडी माळ्यावर टाकली, की दिवाळीत खुर्ची नव्हे, बुरशी बाहेर येते.

वाळू आणि ओली हिरवळ यांचं आणखी एक दुखणं असतं. समजा खुर्चीचे चार पाय, प्रत्येकाचं टोक दोन सेंटीमीटर व्यासाचं. चारही मिळून क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटीमीटर. त्यावर ६० किलोचा माणूस बसला की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ पाच किलो भार. खुर्ची रुतणार नाही तर काय? त्यातही एकच पाय रुतला की माणूस कलंडतो आणि म्हातारपणी असं पडणं महागात पडतं. म्हणून रुंद तळव्याचे पाय असलेली खुर्ची घ्या. नसेल तर जुन्या टेनिसच्या चेंडूंना चीर पाडून ते पायांत बसवा, किंवा खाली प्लायवुडचे तुकडे ठेवा.

उंचसखल जमिनीचा हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचं एक सुंदर उत्तर आपल्याच देशात सापडलं होतं. आजच्या उत्तराखंडातल्या रुरकीला इंग्रजांच्या काळात लष्करी अभियंत्यांचं ठाणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या नावाने एक खुर्ची प्रसिद्ध झाली. लाकडाचे चार पाय, त्यांना जोडणाऱ्या आडव्या काठ्या, बैठक आणि पाठ कॅनव्हासची, हात चामड्याच्या पट्ट्यांचे. गंमत तिच्या सांध्यांत होती. आडव्या काठ्यांची टोकं निमुळती करून पायांच्या भोकांत नुसती बसवलेली. सरस नाही, खिळे नाहीत. माणूस बसला की त्याच्याच भाराने सांधे आवळले जात, आणि सांधे ताठ नसल्यामुळे प्रत्येक पाय आपापली जमीन शोधून घेई. काम झालं की सगळी सुटी करून गुंडाळी बांधायची. डेन्मार्कचे कोरे क्लिंट यांनी १९३३ साली याच धर्तीवर केलेली ‘सफारी’ खुर्ची जगभर गाजली. जरा ढिलं राहण्यातही बळकटी असते, हे त्या खुर्चीकडून शिकावं. कुटुंबालाही हे लागू पडतं, पण तो विषय पुन्हा कधी.

अशी खुर्ची घरात आली की तिचा उपयोग सहलीपुरता राहत नाही. ईदच्या नमाजला मैदानावर सफेच्या टोकाला काही बुजुर्ग आपापली घडीची खुर्ची किंवा स्टूल घेऊन बसलेले दिसतात. वाकून सजदा करणं जमत नाही, म्हणून ते घरी थांबत नाहीत. भागवत सप्ताहात, कीर्तनात, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर तेच दृश्य. आमच्या कविसंमेलनांतही पूर्वी गाद्या आणि तक्के असत. आता बैठकीच्या कडेला चार खुर्च्या मांडाव्या लागतात आणि त्यांवरून वाचलेली कविता काही कमी ऐकू येत नाही.

आता दुकानात काय करायचं ते थोडक्यात. जिच्यासाठी खुर्ची घ्यायची त्या व्यक्तीलाच सोबत न्या. तिला स्वतःच्या हाताने खुर्ची उघडायला सांगा. बोट चिमटतं का पाहा. दहा मिनिटं बसू द्या, दोन मिनिटं नव्हे. मग कुणीही हात न देता उठायला सांगा. शेवटी घडी घालून पिशवीत परत भरून पाहा. पुष्कळ पिशव्या इतक्या तंग शिवलेल्या असतात की खुर्ची त्यांतून एकदाच बाहेर येते, आणि मग दोन्ही आयुष्यभर वेगवेगळ्या राहतात.

वजनाचा हिशेबही जरूर करा. साडेतीन किलोच्या चार खुर्च्या म्हणजे १४ किलो. गाडी झाडाखाली लागत असेल तर चिंता नाही. लोकलने पनवेलला उतरून पुढे एसटी आणि मग चालणं असेल, तर सगळ्यांसाठी खुर्च्या नेण्याची गरजच काय? एक उंच, कडक हातांची खुर्ची वडीलधाऱ्यांसाठी आणि बाकीच्यांना सतरंजी. तरुण गुडघ्यांना जमिनीची सवय राहिलेली बरी.

आणि खुर्ची कुठे मांडायची, हेही निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात, पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह होतो. तो टाळा. डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी एकाएकी वाढतं. तरुण उडी मारून काठ गाठेल, खुर्चीतल्या माणसाला ते जमणार नाही. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात वर्षानुवर्षं बंदी घातली जाते ती उगीच नव्हे. सपाट, कोरडी, सावलीची जागा पाहावी. खुर्चीची पाठ झाडाकडे आणि तोंड माणसांकडे ठेवावं, कारण पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांना सहलीला नेतात खरं, पण खुर्ची मांडतात ती सामानापाशी, राखण करायला. खुर्ची गप्पांच्या मधोमध असावी. डबा उघडला की पहिली भाकरी तिकडे जावी.