पेनिसिलीन आणि मूत्रपिंडांतील वाहक

इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ रुग्णालयांत आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिस शिपायास पेनिसिलीन टोंचण्यांत आलें. जंतुदोषानें जर्जर झालेल्या त्या रोग्यास लवकरच उतार पडूं लागला; परंतु औषध अपुरें होतें. त्याच्या मूत्रांतून तें वेगळें काढून पुन्हां टोंचलें गेलें, तरी साठा संपला आणि १५ मार्च रोजीं तो दगावला.

औषध इतक्या त्वरेनें मूत्रांत कां उतरावें? मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना पातळ आवरण असतें व त्यांत प्रथिनांचे वाहक बसविलेले असतात. प्रत्येक वाहकांत एक खोबण असते. तींत पेनिसिलीनचा रेणु चिकटला, कीं प्रथिन आपला आकार पालटतें. रक्ताकडील तोंड मिटतें, पेशीकडील उघडतें आणि रेणु आंत सोडला जातो. तेथून दुसरे वाहक त्यास मूत्रांत लोटतात.

पुढें संशोधकांनीं प्रोबेनेसिड हें द्रव्य सिद्ध केलें. तें त्याच खोबणींत घट्ट बसतें, परंतु स्वतः सहजासहजीं पलीकडे जात नाहीं. नाव अडली, कीं उतारू अलीकडच्या तीरावरच राहतो. त्याप्रमाणें पेनिसिलीन रक्तांत अडून राहतें व त्याचें प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतें.

मात्र हेच वाहक इतर औषधेंही बाहेर काढीत असतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रोग्यास प्रोबेनेसिड दिल्यास तें उग्र औषध रक्तांत सांचून विषासमान ठरूं शकतें. म्हणून दोन औषधें एकत्र देतांना वैद्यास दोहोंचे गुण ठाऊक असले, तरी त्यांची वाट एकच आहे काय, हेंही पाहावें लागतें.