ओळख थायरॉइडची (भाग ६) : टीएसएच जरासा वाढलाय?

कुंभकोणमहून एका वाचक काकूंचं पत्र आलं आहे. वय ६८. तंजावरच्या भोसले राजांच्या काळात तिकडे गेलेलं घराणं, घरात अजून मराठी बोलतात. तपासणीत त्यांचा टीएसएच ६.४ आला आणि पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेलं होतं. त्या विचारतात, “आता जन्मभर गोळी का?”

काकू, घाई करू नका. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तो सोडते आणि थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड जराशी मंदावली तरी पियुषिका जोर वाढवते, आणि टीएसएच लगेच चढतो. म्हणून त्याच्या शेजारचा फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन, पाहायचा. तो तुमच्या रिपोर्टात व्यवस्थित आहे. म्हणजे थायरॉइड अजून काम निभावते आहे.

शिवाय हा आकडा चंचल. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. आजारातून उठल्यावरही काही काळ वाढलेला. वयाबरोबरही तो थोडा वर चढतोच. म्हणून दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी पुन्हा तपासा. सोबत एकदा टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे शरीराने थायरॉइडविरुद्धच बनवलेली प्रतिपिंडं, पाहा. त्या असल्या तर पुढे थायरॉइड खरोखर थकण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या २० वर्षांच्या पाहणीत, टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या शंभर स्त्रियांपैकी वर्षाला साधारण चौघींची थायरॉइड मंदावली. बाकीच्यांची त्या वर्षी नाही, हेही लक्षात घ्या.

गोळीने थकवा जाईल का? २०१७ साली युरोपातल्या पासष्टीपुढच्या ७३७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा सरासरी टीएसएच तुमच्याइतकाच, ६.४. वर्षभरानंतर खरी गोळी आणि खोटी गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात फरक दिसला नाही. तुमच्या वयाला माझं मत थांबून पाहण्याकडे झुकतं. टीएसएच दहाच्या वर असेल, किंवा बाई गरोदर असेल वा मूल हवं असेल, तर मात्र थांबू नये. लगेच डॉक्टर गाठावा.

आता तुमच्या जाऊबाई. त्या दोन वर्षं गोळी घेतात तरी टीएसएच उतरत नाही, असं लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत, गोळी सकाळच्या डिग्री कॉफीबरोबर घेतात, असंही. कॉफीमुळे ही गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. डोस वाढवण्याआधी गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा, कॉफी तासाभराने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास दूर. कुंभकोणमच्या माणसाला कॉफी सोडायला मी सांगणार नाही!

आणि जुने रिपोर्ट टाकू नका. दुसऱ्या सरफोजीराजांनी तंजावरात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवल्या होत्या. तुम्हीही एका वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा, आणि पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

पुढच्या आठवड्यात : गरोदरपण आणि थायरॉइड.