डिस्क कोटा: चाळीस वर्षांची वाक्यं

१९८३ साली ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये डिस्क कोटा आला. तो लिहिला होता मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी. एकाच संगणकावर अनेकजण काम करत. कुणा एकाने डिस्क भरली की बाकीच्यांचं काम अडे. म्हणून दोन मर्यादा आखल्या गेल्या. सॉफ्ट लिमिट काही काळापुरती ओलांडता येते, हार्ड लिमिट मुळीच नाही. लिनक्सवरचा कोटा आजही याच आराखड्यावर चालतो. चार दशकांत खरी मेहनत झाली ती हा आराखडा समजावून सांगण्यावर.

एल्झ यांनी या व्यवस्थेवर एक छोटा लेख लिहिला होता. तो अडलेल्या माणसाशी बोलतो. एडिटरमध्ये काम करताना कोटा संपला, तर घाईने बाहेर पडू नका, केलेलं काम जाईल, असं तो बजावतो. मग वाटा सुचवतो: एडिटर न सोडता शेल उघडा आणि नको असलेल्या फाइली काढा, किंवा हातातली फाइल तात्पुरती दुसऱ्या फाइल सिस्टिमवर लिहा.

पुढे मॅन्युअलचा भार अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या गरजांकडे झुकला आणि नेमकेपणाची कसोटी लागली. सुरुवातीला सॉफ्ट लिमिट ओलांडण्याची सवलत इशाऱ्यांच्या संख्येवर मोजली जाई. नंतर तिची जागा मुदतीने घेतली, नेहमीची मुदत सात दिवसांची. आता प्रत्येक आकड्याचा अर्थ स्पष्ट लिहिणं भाग होतं. सर्वांत फसवं ठरलं शून्य. मर्यादेच्या जागी शून्य म्हणजे मर्यादाच नाही. ‘शून्य दिलं म्हणजे जागा बंद’ असं समजणारा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रत्यक्षात दार सताड उघडं ठेवतो. बीएसडीच्या ‘एडकोटा’ कमांडचं मॅन्युअल हे सरळ सांगतं: जागा पूर्ण बंद करायची तर हार्ड लिमिट एक ठेवा. तेच मॅन्युअल पुढे म्हणतं की मुदतीच्या जागी शून्य म्हणजे नेहमीची मुदत, आणि मुदत द्यायचीच नसेल तर एक सेकंद लिहा. एकाच आकड्याचे दोन अर्थ एकाच पानावर आहेत. ही वाक्यं तिथे नसती, तर ते कुणाला नुसत्या तर्काने कळले नसते.

एककांची कथाही अशीच. मर्यादा ‘ब्लॉक’मध्ये द्यायची, पण ब्लॉक केवढा? कुठे ५१२ बाइट, कुठे १०२४. किलोबाइट म्हणावं तर हजार की १०२४, हा प्रश्न राहतोच. १९९८ मध्ये आयईसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १०२४च्या पटींसाठी किबिबाइट, मेबिबाइट ही नावं ठरवली. लिनक्सच्या ‘सेटकोटा’चं मॅन्युअल आता सांगतं की जागेचा आकडा १०२४ बाइटच्या पटीत धरला जाईल, आणि त्यापुढे के, एम, जी, टी ही अक्षरं लावता येतील. आयनोडच्या, म्हणजे फाइलींच्या संख्येच्या मर्यादेत मात्र अशी अक्षरं हजाराच्या पटी दाखवतात. वाचायला रूक्ष असलं, तरी कुणाची मर्यादा चुकून हजारपट होण्यापासून हेच वाक्य वाचवतं.

म्हणून मॅन्युअलमधल्या या अनाम सुधारणांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी प्रोग्रॅमची एकही ओळ न बदलता तो अधिक सुरक्षित केला.

तरी एक काम उरलं आहे. कोटा संपल्याचा संदेश पाहणारा बहुधा विद्यार्थी किंवा संशोधक असतो. त्याला ‘ड्यू’ कमांड कमी जागा दाखवते आणि कोटा जास्त. कारण ‘ड्यू’ दिलेली डिरेक्टरी मोजते, तर कोटा त्या फाइल सिस्टिमवर त्याच्या नावे असलेली प्रत्येक फाइल, मग ती कुठेही असो. काढून टाकलेली पण एखाद्या प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली फाइलसुद्धा त्यात धरलेली असते. हे त्याला पहिल्याच परिच्छेदात मिळायला हवं, आणि त्यासोबत हातातलं काम कसं वाचवायचं तेही. आकड्यांचा आजचा नेमकेपणा आणि एल्झ यांच्या लेखातली ती काळजी एकाच पानावर आली, तर कोट्याचं मॅन्युअल खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.